सप्टेंबर ते जून

नेऱ्हात भाड्याच्या घराची जाहिरात वाचताना खोल्या किती, समुद्र दिसतो का, लिफ्ट आहे का, हे सगळं नंतर बघायचं. आधी महिने बघायचे. ‘सप्टेंबर ते जून’ असं लिहिलेलं असलं की समजायचं, घरमालकाला भाडेकरू हवाय, पण उन्हाळ्यात नकोय. जूनच्या अखेरीला भांडीकुंडी, कपडे, मुलांची दप्तरं आवरून बाहेर पडायचं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच पलंगावर माद्रिदचं, लीड्सचं नाहीतर कोपनहेगनचं कुटुंब झोपणार. आपण महिन्याला देतो त्याच्या आसपासचं भाडं ते आठवड्याला देणार. शाळा उघडायच्या सुमारास आपण परत यायचं, किंवा दुसरं घर शोधायचं. गावच्या शाळेत बदली होऊन आलेले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्सेस, हॉटेलांतले वेटर, सगळे या चक्रात. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचे करार करण्यात हयात घालवलेल्या माणसाला वाटेल, यात नवल ते काय? नवल एवढंच, की आपल्याकडे बारावा महिना फक्त कागदावर असतो. इथे खरोखर घर रिकामं करावं लागतं.

नेऱ्हा हे दक्षिण स्पेनमधलं, आंदालुसिया राज्यातलं, मालागा शहराच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवरचं किनाऱ्याचं गाव. (पाटीवर ‘जे’ दिसतो, पण ‘नेर्जा’ म्हटलं तर बसचा ड्रायव्हर कानाला हात लावून परत विचारतो.) मागे अल्मिहारा डोंगर, तो थेट पाण्यात उतरल्यासारखा. मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढरी घरं. वस्ती एकवीस-बावीस हजार. त्यात दहातले जवळपास तीनजण परदेशी पासपोर्टवाले, आणि ऑगस्टमध्ये रस्त्यावरची गर्दी याच्या कित्येक पट. मालागाहून लोकल गाडी पश्चिमेला फुएंगिरोलापर्यंत जाते. पूर्वेला, आमच्या बाजूला, रूळच नाहीत. किनाऱ्याने रेल्वे आणायची चर्चा मात्र पिढ्यान् पिढ्या चालू आहे. आम्ही कोकणवाल्यांनी ती ऐकली की चेहरा सरळ ठेवणं अवघड जातं.

नवऱ्याची नोकरी मालागात, संगणक सुरक्षेतली. गेल्या काही वर्षांत त्या शहरात परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांची रीघ लागली. गूगलने २०२३ मध्ये तिथे सायबर सुरक्षेचं केंद्र उघडलं, त्याच्या आगेमागे बाकीचे आले, आणि पगाराच्या मागोमाग भाडीही वर गेली. मग आमच्यासारखे लोक पन्नास किलोमीटर लांब सरकले आणि तिथली भाडी वर गेली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या गर्दीला आपण नावं ठेवतो त्या गर्दीत आपणही मोजले जातो, हे इथे राहणाऱ्या कुठल्याही परदेशी माणसाने पहिल्या वर्षातच समजून घ्यावं, म्हणजे पुढची वर्षं बरी जातात.

गावाचा धंदा पर्यटन, पण तो फार जुना नाही. १२ जानेवारी १९५९ रोजी शेजारच्या मारो गावातली पाच पोरं वटवाघळं पकडायला डोंगरातल्या एका बिळात उतरली आणि आत प्रचंड गुहा सापडली, हाडांच्या सापळ्यांसकट. पुढच्याच वर्षी गुहा लोकांसाठी उघडली, ती आतमध्ये बॅले नाचवून. त्याच १९५९ साली माद्रिदमध्ये फ्रँकोच्या सरकारने अर्थव्यवस्थेची दारं किलकिली केली. पेसेटाचं अवमूल्यन केलं, डॉलरला ४२ ऐवजी ६० पेसेटा मिळू लागले, आणि युरोपातल्या कामगाराला स्पेनचा समुद्र परवडायला लागला. १९६० मध्ये देशात सुमारे ६० लाख पाहुणे आले. १९७३ मध्ये साडेतीन कोटींच्या जवळपास. २०२४ मध्ये ९ कोटी ३८ लाख. देशाची स्वतःची लोकसंख्या पाच कोटींच्या आत.

त्याआधी इथे मासेमारी होती आणि ऊस होता. ऊस म्हटल्यावर मराठी वाचक सावरून बसेल, आणि बसावंच. अरबांनी आणलेला ऊस या किनाऱ्यावर शतकानुशतकं पिकला. एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्याला पाणी न्यायला बांधलेला चार मजली, कमानींवर कमानी चढवलेला जलसेतू नेऱ्हा आणि मारोच्या मध्ये अजून उभा आहे. पर्यटक त्याला रोमन समजून फोटो काढतात आणि वाटाडे लगेच खोडून काढत नाहीत. कारखाने गेले, उसाचे फड गेले. कारखानदारांच्या नावावरच्या जमिनी मात्र राहिल्या. मारोच्या बाजूला त्या जमिनीवर गोल्फचं मैदान आणि घरं बांधायच्या बेतावरून शेतकरी आणि पर्यावरणवाले वर्षानुवर्षं भांडताहेत. सहकाराचा तेवढा भाग वगळला तर गोष्ट ओळखीची वाटते.

वर डोंगरात फ्रिहिलियाना नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या वाड्यात अजून एक कारखाना उसाचा रस आटवून काकवी करतो, युरोपातला या जातीचा शेवटचा. इथे तिला ‘उसाचा मध’ म्हणतात. हॉटेलात बसलात की वांग्याचे तळलेले काप येतात, पातळ, कडक, आणि त्यावर ही काकवी सोडलेली. पहिल्यांदा ताटली पुढे आली तेव्हा मी बोटाने चाटून पाहिलं आणि वेटरला विचारलं, की आणखी थोडी वेगळी मिळेल का. त्याने वाटीभर आणून दिली. वर, इंग्रज लोक ही बाजूला सारतात, अशी माहितीही. घरी मी ती भाकरीबरोबर खाते. भाकरी इथल्या दुकानात मिळणाऱ्या मक्याच्या पिठाची, म्हणजे नावाचीच. पण काकवी अस्सल.

मे महिन्यात आमची तारकर्लीची मावशी आली होती. तिचं घर समुद्राकडे तोंड करून, आणि गेली बरीच वर्षं ती सरकारी ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली पर्यटक ठेवते. परदेशातल्या पर्यटनाबद्दल बोलायला माझ्या ओळखीत तिच्याइतकं लायक माणूस नाही. बाकी पाहुण्यांना मी आधी ‘युरोपचा सज्जा’ दाखवते. समुद्रात घुसलेल्या कड्यावरची ती प्रसिद्ध जागा, पूर्वी तिथे किल्ला होता, आता राजा बारावा आल्फोन्सो कठड्याला टेकून ब्राँझमध्ये उभा आहे. १८८४च्या नाताळात झालेल्या भूकंपानंतर तो पाहणीला आला आणि त्यानेच हे नाव दिलं, अशी आख्यायिका. मावशीने राजाकडे ओझरतं पाहिलं आणि कठड्यावरून खाली वाकून पाणी निरखलं. “होडये खंय दिसनत नाय?” खरंच, होड्या फार उरलेल्या नाहीत. त्या पाहायच्या तर १६ जुलैला, कार्मेनच्या मातेच्या दिवशी, जेव्हा कोळी तिची मूर्ती खांद्यावरून कालाओंदाच्या वाळूत उतरवतात आणि होडीत बसवून समुद्रात नेतात.

मग आम्ही बुरियानाच्या किनाऱ्यावर जेवायला गेलो. या वाळूतल्या खानावळींना चिरिंगितो म्हणतात. दारात एक जुनी होडी, तिच्यात वाळू भरलेली, वाळूवर ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ. भाजणारा माणूस एका चपट्या बांबूच्या कामटीत सहा मासे ओवतो, कण्याच्या खालून, म्हणजे शिजल्यावर गळून पडत नाहीत. कामटी वाळूत तिरकी रोवायची, वारा जिकडून येतो त्या बाजूला. धूर दुसरीकडे जायला हवा, माशाला फक्त आच लागायला हवी. वर खडे मीठ. बाकी काही नाही. नावात ‘र’ नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, हा मासा सगळ्यात चरबीदार, असं इथले सांगतात. मावशीने ताटली जवळ ओढली. “गो, हे तारलेच मां! हळद-तिखाट लावूक काय झाला ह्यांका?” पण दुसरी कामटी तिनेच मागवली. मग भाजणाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि भाषेशिवाय दोघांचं दहा मिनिटं व्यवस्थित चाललं होतं.

परत येताना तिने विचारलं, “एवढ्या खोल्यांच्यो चादरी धुता कोण?”

इतक्या पाहुण्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पर्यटनाच्या गावात हाच प्रश्न पहिला असायला हवा. चादरी धुणाऱ्या आणि खोल्या झाडणाऱ्या बहुतेक बायका नेऱ्हात राहत नाहीत. त्यांना ते परवडत नाही. सकाळच्या पहिल्या बसने त्या शेजारच्या तोरोक्सहून, वेलेस-मालागाहून येतात. २०१२ मध्ये स्पेनने कामगार कायदे सैल केले, त्यानंतर कितीतरी हॉटेलांनी सफाई बाहेरच्या ठेकेदारांकडे दिली आणि खोलीमागे मजुरीचा हिशेब सुरू झाला. त्यातून या बायकांची ‘लास केलीस’ ही संघटना उभी राहिली. पाठ आणि मनगटं जाणं हा त्यांचा व्यवसायजन्य आजार मानला जावा, अशी त्यांची जुनी मागणी. आमच्या इमारतीत शनिवारी सकाळी दोघी येतात. एक बिऱ्हाड अकराला निघतं, दुसरं चारला येतं. मधल्या पाच तासांत त्यांनी चार घरं ‘नवी’ करायची. उन्हाळ्यात जिन्यात चादरींचे गठ्ठे असतात आणि आम्ही ओलांडून जातो. मावशी ओलांडून गेली नाही. तिने एक गठ्ठा उचलून खाली नेऊन दिला, मग त्या बाईंनी आणि तिने आपापली मनगटं एकमेकींना दाखवली.

गावाची खरी ओळख नोव्हेंबरनंतर होते. ऑक्टोबरातली जत्रा संपली की चिरिंगितोंवर ताडपत्र्या पडतात, निम्म्या दुकानांची शटरं खाली येतात, आणि रस्त्यावर ओळखीची माणसं दिसायला लागतात. दिवसा ऊन असतं, सोळा-सतरा अंश, बाहेर बसून कॉफी पिण्याजोगं. घरात शिरलात की कुडकुडायला होतं. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी गार, भिंतींना ओल, हीटर नावाला. पूर्ण वर्षाचं स्वप्न घेऊन आलेले कितीतरी उत्तरेकडचे लोक पहिल्याच जानेवारीत हबकतात. मँचेस्टरमध्ये घरात एवढी थंडी कधी वाजली नव्हती, असं आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा दरवर्षी म्हणतात.

तळमजल्यावरच्या सेन्योराबाईंकडे याचं उत्तर आहे. त्या मूळच्या नेऱ्हाच्या, बाप कोळी, नवरा गवंडी. आज उभ्या असलेल्या निम्म्या इमारती त्याने बांधल्या असं त्या सांगतात, आणि त्यातलं अर्धं जरी खरं असलं तरी पुष्कळ झालं. त्यांच्याकडे गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि टेबलाखाली विजेची शेगडी. चौघांनी भोवती बसायचं, कापड मांडीवर ओढून घ्यायचं, कमरेच्या खाली उन्हाळा. पूर्वी शेगडीत निखारे असत. हिवाळ्यातल्या दुपारी मला स्पॅनिश तिथेच आलं. वर्गात शिकलेलं त्यांनी जवळजवळ सगळं मोडीत काढलं, कारण इथले लोक शब्दाचा शेवट गिळतात. शिकता शिकता मधूनच गल्लीत भोंगा वाजतो आणि सेन्योराबाई पैशाचा डबा घेऊन उठतात. सिलिंडरची गाडी. नारिंगी रंगाचे साडेबारा किलोचे सिलिंडर, दर सरकार ठरवतं, आणि दर वाढला की पंधरा दिवस तोच विषय. ‘युरोपात गॅस पाइपातून येत असेल ना?’ असं मला फोनवर विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आता काही सांगत नाही.

सेन्योराबाईंच्या भिंतीवर एक फोटो आहे, पिकनिकच्या कपड्यातली मुलं, सायकली, मागे एक बोट. १९८१-८२ मध्ये स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘वेरानो आसुल’ ही मालिका गाजली. अंतोनिओ मेर्सेरो दिग्दर्शक, चित्रीकरण इथलं. सुट्टीला आलेली शहरी मुलं आणि जमिनीवर उभ्या केलेल्या बोटीत राहणारा म्हातारा खलाशी चांकेते. एका भागात बिल्डर त्याची बोट हटवायला येतात आणि मुलं बोटीला चिकटून बसतात. म्हाताऱ्याच्या मृत्यूचा भाग पाहून अख्खा देश रडला होता, आणि आज पन्नाशीत असलेल्या स्पॅनिश माणसाला त्याची आठवण काढा, तो अजून हळवा होतो. त्या मालिकेने नेऱ्हा घराघरांत पोचवलं, आणि मग बिल्डर आले. बोटीची प्रतिकृती आता मालिकेच्याच नावाच्या बागेत उभी आहे, चारी बाजूंनी इमारती.

परदेशी रहिवाशांचं गाव त्या गावाच्या आत वेगळं आहे. त्याची स्वतःची दुकानं, स्वतःची इंग्रजी वर्तमानपत्रं, ब्रिज खेळायचे वार, डोंगर चढायचे गट. त्यात हास्यास्पद भाग पुष्कळ आहे. वीस वर्षं राहून ‘बिल द्या’ एवढंच स्पॅनिश बोलणारे आहेत, आणि गावात परके लोक फार झाले, अशी इंग्रजीतून कुरकुर करणारेही. पण या गावाने एक गोष्ट उभी केली, तिच्यापुढे मला थट्टा करवत नाही. जोन हंट नावाची इंग्रज बाई नवऱ्याबरोबर मालागाच्या किनाऱ्यावर राहायला आली होती. नवरा कर्करोगाने गेला. अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं असं इथे काही नाही, हे तिने त्या काळात पाहिलं, आणि १९९२ मध्ये ‘कुदेका’ ही संस्था काढली. बेनालमादेनात त्यांचं रुग्णालय आहे, घरी जाऊन उपचार करणारी पथकं आहेत, सेवा विनामूल्य, आणि रुग्णांमध्ये स्पॅनिश माणसं भरपूर. खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून. अशा दुकानांत मी चकरा मारते. तिथल्या कपाटांवरून वसाहतीचं वय कळतं. चहाचे अख्खे सेट, अगाथा ख्रिस्तीच्या फुगलेल्या प्रती, क्वचितच वापरलेले पोहण्याचे चश्मे, चालायच्या काठ्या. जोडीतला एक गेला की दुसरा घर आवरून मुलांकडे परत जातो, आणि दोघांचा संसार एका दुपारी खोक्यांतून इथे येतो.

परत जायचं की नाही, हा इथल्या म्हाताऱ्यांचा खरा विषय. पेन्शन आहे, ऊन आहे, पण वेलेस-मालागाच्या रुग्णालयात पहाटे तीनला छातीत दुखतंय हे सांगणार कोणत्या भाषेत? या बाबतीत जेरल्ड ब्रेननची कथा इकडे सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धातून सुटलेला हा इंग्रज १९२०च्या सुमारास ग्रानादाच्या डोंगरातल्या येहेन गावात पुस्तकांचे ढीग घेऊन राहायला आला, स्पेनवर मोठी पुस्तकं लिहिली, पुढे मालागाजवळ स्थायिक झाला. नव्वदीत, १९८४ मध्ये, त्याला लंडनच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. आंदालुसियात त्यावरून गदारोळ झाला, आमचा माणूस परत द्या म्हणून, आणि सरकारने खरंच त्याला आणून, काळजी घ्यायची व्यवस्था लावून, त्याच्या घरी ठेवलं. १९८७ मध्ये तो गेला. देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला होता. तो तिथे इतकी वर्षं राहिला, की २००१ मध्ये कुठे त्याला मालागाच्या इंग्रज दफनभूमीत बायकोशेजारी जागा मिळाली. ती दफनभूमी १८३१ सालची. त्याआधी इथे मेलेल्या प्रॉटेस्टंट माणसाला रात्री किनाऱ्यावर, वाळूत उभा पुरत, असं सांगतात. पाहुणचाराच्या या किनाऱ्याचा हाही एक इतिहास आहे.

अर्थात ब्रेननसाठी जे झालं ते लेखकासाठी झालं. मारोच्या शेतांत आणि पुढे मोत्रिलच्या प्लास्टिकच्या हरितगृहांत टोमॅटो-काकड्या तोडणारा मोरोक्कन मजूरही परदेशी रहिवासीच. पण नगरपालिकेच्या परदेशी नागरिकांच्या खिडकीवर जे माहितीपत्रक मिळतं, त्यावरच्या चित्रात तो नसतो.

आता कागदपत्रं. युरोपीय संघातला माणूस येतो, नाव नोंदवतो, राहतो. ब्रेक्झिटनंतर नव्याने येणाऱ्या इंग्रजाला परवान्याशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात; हिवाळाभर राहणाऱ्या अनेक जोडप्यांनी म्हणून फ्लॅट विकले. नोकरी न करता राहायचं असेल तर महिना सुमारे २,४०० युरोंचं उत्पन्न दाखवावं लागतं. आम्हा भारतीयांचा मार्ग नोकरीच्या परवान्याचा: बोटांचे ठसे, कार्ड, नूतनीकरण, आणि सगळ्यात अवघड, या सगळ्यासाठी अपॉइंटमेंट. नागरिकत्व हवं तर लॅटिन अमेरिकनाला दोन वर्षं रहिवास पुरतो, आपल्याला दहा.

इथेच मला मडगावचा माणूस भेटला. बाजूच्या गावात एका हॉटेलात तो मुख्य आचारी आहे. त्याचे वडील १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मले, म्हणून त्याने लिस्बनमध्ये कागद लावले आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. इथे तो परदेशी खरा, पण युरोपीय. परवाना नाही, नूतनीकरण नाही. एवढंच नाही, १९९९ पासून युरोपीय रहिवाशांना स्पेनच्या पालिका निवडणुकीत मत आहे, तसं त्यालाही आहे. इंग्रजांसाठी दोन्ही देशांनी वेगळा करार करून ते ब्रेक्झिटनंतरही राखलं. मला नाही. “तुजें वट म्हाकाच मार,” असं तो हसून म्हणाला होता, म्हणजे माझी बाजू मतपेटीत त्याने मांडायची. त्याचं गाव हणजुण्याच्या बाजूला असतं, तर तो इथल्या भाड्यांवर इतकं रागावून बोलला असता का, मला शंका आहे. त्याची बहीण तिकडे घराच्या दोन खोल्या दिल्लीवाल्यांना महिन्याने देते. गोव्यात वर्षाला कोटीभर पर्यटक, वस्ती पंधरा लाखांच्या आसपास. तिथे आपली खोली असली की आपण घरमालक, आणि इथे भाडेकरू; किनाऱ्याविषयीचं मत त्यावर ठरतं. त्याने हे नाकारलं नाही.

पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या या भागाला अक्सार्किया म्हणतात. डोंगरउतारांवर ऊस आणि द्राक्षं गेली, त्यांच्या जागी अॅव्होकॅडो आणि आंबा आला. हो, आंबा. १९६०च्या दशकात अल्गारोबोजवळ ला मायोरा हे संशोधन केंद्र उभं राहिलं, तिथून ही उष्ण कटिबंधातली झाडं पसरली. मुख्य जात ‘ऑस्टीन’: जांभळट साल, रेषा नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार. दिसायला देखणा, वागायला सभ्य, आणि हापूसची आठवण असलेल्या माणसाने खाऊ नये. पण बाजार तेजीत, बागा वाढत गेल्या, आणि मग पाऊस रुसला. ला विन्युएला हे इथलं मोठं धरण २०२४च्या सुरुवातीला आठ टक्क्यांच्या खाली गेलं. कित्येक गावांत रात्री नळ बंद. शेतकऱ्यांनी झाडं छाटली, काहींनी मुळापासून काढली. किनाऱ्यावरचे शॉवरही बंद, त्याची मात्र बातमी इंग्रजी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर. २०२५च्या मार्चमध्ये धो धो पाऊस लागला आणि धरण भराभर वर आलं. त्याबरोबर पाण्याची चर्चा आटली.

आणि वापरलेलं पाणी? ‘युरोपात समुद्र किती स्वच्छ’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी ही गोष्ट मुद्दाम जेवणानंतर सांगते. नेऱ्हात दशकानुदशकं मैलापाणी प्रक्रियेशिवाय समुद्रात सोडलं जात होतं. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने याच कारणासाठी स्पेनला १ कोटी २० लाख युरोंचा दंड केला. ज्या गावांचं काम अपुरं होतं, त्यांच्या यादीत नेऱ्हा होतं. शुद्धीकरण केंद्र बांधताना ठेकेदार बुडाला, काम रखडलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी ते एकदाचं सुरू झालं. तोवर हॉटेलं मात्र वेळेवर पूर्ण होत होती.

एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये नवा नियम आहे: इमारतीत नव्याने पर्यटकांसाठी फ्लॅट द्यायचा, तर सोसायटीच्या पाच पैकी तीन हिश्शांची संमती लागते. आमच्या इमारतीत त्यावर सभा झाली. मी भाडेकरू, मला मत नाही. सेन्योराबाईंना इंग्रजीतलं बोलणं समजावं म्हणून त्यांच्या शेजारी बसले. तळघरातल्या गाड्यांच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या, व्यवस्थापक कागद घेऊन उभा, आणि तीन भाषांत एकाच वेळी आवाज. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला उन्हाळ्यात फ्लॅट द्यायचा होता. मला वाटलं होतं, गाववाले विरोध करतील आणि बाहेरचे पाठिंबा देतील. झालं उलट. इंग्रज आजोबा उभे राहून म्हणाले, आम्ही इथे शांततेसाठी आलो, गावाचं गावपण राहिलं पाहिजे. डेन्मार्कच्या बाई माना डोलावत होत्या. सेन्योराबाईंनी मला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणतोय तो? मी सांगितलं. त्यांनी हात वर केला तो जोडप्याच्या बाजूने. माझा नातू बार्सेलोनात भाड्याने राहतो, म्हणाल्या, उद्या माझं घर त्याचं झालं, तर त्याने त्याचं काय करायचं हे मँचेस्टर सांगणार का? आजोबांना हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांना थोडंफार कळलं असावं, कारण ते खाली बसले.

तीन हिस्से भरले नाहीत, ठराव पडला. जोडप्याने वकिलाचं नाव काढलं, व्यवस्थापकाने कागद उलटला आणि पुढचा विषय वाचला: लिफ्टची दुरुस्ती. आता सेन्योराबाई उठतील असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाने लिफ्टचा खर्च का म्हणून द्यायचा, एवढं विचारायलाच त्या आल्या होत्या.